कानातला तारपा

आमच्या पालघरच्या कॉलेजात पाहुणे आले की फाटकापासून व्यासपीठापर्यंत मुलींना तारप्याच्या सुरावर नाचवतात. तोच नाच भिंतीवर पांढऱ्या रंगात काढलेला आहे आणि पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. त्याच कॉलेजात, परीक्षा महिन्यावर आलेली असताना, माझ्या मैत्रिणीला कानात तारपा लावून अभ्यास करते म्हणून अभ्यासिकेतून बाहेर काढलं. महिनाभर प्रवेश बंद. हे मी शांतपणे सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका.

ती जव्हारच्या बाजूच्या डोंगरातली. वसतिगृहात एका खोलीत आठ जणी, त्यामुळे वाचायला जागा म्हणजे अभ्यासिका, तेवढीच. आदल्या सत्रातले दोन विषय राहिलेले. बापाने सांगून ठेवलं होतं, या वेळी सुटले नाहीत तर घरी ये, कॉलेज पुरे.

हुशारीचा प्रश्न नव्हता. इंग्रजीतलं पान उघडलं की तिच्या छातीत धडधडायचं, तळहात ओले व्हायचे. "वाचते गं, पण डोक्यात बाजार भरतो," असं ती म्हणायची.

त्यावर तिने स्वतःच औषध शोधलं. तिच्याकडच्या कुणीतरी पाड्यावरचा तारपा मोबाईलवर रेकॉर्ड करून नेटवर चढवलेला, अर्ध्या तासाचा. शब्द नाहीत, भोपळ्याच्या त्या लांब वाद्यातून तेच चार सूर फिरत राहतात. एक रेकॉर्डिंग, एक धडा. पुढचं गाणं आपोआप सुरू होतं, ते तिने बंद करून ठेवलेलं. सूर थांबले की पुस्तक पालथं घालून पाणी प्यायला उठायची. मी शहराजवळच्या सालवडची, घरी चोवीस तास वायफाय. मीही ताण आला की गाणीच ऐकायचे, पण पहिलं मी लावायचे आणि पुढची चाळीस मोबाईल लावायचा. दोन-अडीच तासांनी उठायचे तेव्हा मन होतं तिथेच. तिची धडधड मात्र थांबली. सराव परीक्षेत दोन्ही विषयांत पास झाली, आणि त्याच आठवड्यात उपप्राचार्य सरांनी इयरफोन पकडला; अभ्यासिकेत तो लावायला सगळ्यांनाच बंदी होती.

मग मला जे येतं ते मी केलं. पत्रक काढलं. वर ठळक अक्षरात 'आदिवासी भगिनीवर अन्याय', खाली 'संगीताने स्मरणशक्ती दुप्पट होते हे शास्त्राने सिद्ध झाले आहे'. सकाळी फाटकावर वाटलं, दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"कोणत्या शास्त्राने?"

ते मी एका रीलमध्ये ऐकलं होतं.

"दुप्पट झाली हे कुणी मोजलं?"

मी त्यांच्या टेबलावरचं पत्रक उलटं करून ठेवलं.

"तिच्या पालकांना आणा. पुन्हा कानात काही घालणार नाही असं त्यांनी लिहून दिलं, तर त्याच दिवशी आत घेतो."

बाहेर मैत्रीण पत्रक हातात घेऊन उभी.

"मी तुझी भगिनी कदी झाले?"

"अगं, तसं लिहायची पद्धत असते."

"मला इचारायची पद्धत नाय?" तिने पत्रकाची घडी घातली. "आता आई भातकापणी सोडून येईल, सही करील. आणि मी आत बसून काय करू, धडधड मोजू?"

मी उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली.

आई तिसऱ्या दिवशी आली, पहिल्या एसटीने. मला खात्रीच होती की ती सही करणार. आपले आईबाप कॉलेजच्या टेबलावर आलेल्या कागदावर सही करतात, माझ्या वडिलांनीही केल्यात, न वाचता. सरांनी तिला खुर्ची दिली, कागद पुढे सरकवला. "बाई, मुलगी अभ्यासाच्या वेळेला गाणी ऐकते."

आई मुलीकडे वळली. "काय आयकतेस?"

तिने मोबाईल टेबलावर ठेवला आणि वाजवला. केबिनभर तारपा.

"हे नाचायचं झालं," सर म्हणाले. "नाचाची वेळ वेगळी, अभ्यासाची वेगळी."

आई जरा वेळ ऐकत राहिली. "बरा वाजवतो," म्हणाली. मग, "सर, तुमच्या घरी शेती हाय का?"

"आहे ना. सफाळ्याला, भाताची."

"लावणीला बाया गातात का नाय?"

"गातात."

"मग रोप वाकडं लागतं का?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"गातो म्हणून आमची कंबर दिवसभर वाकते. गाणं बंद केलंत तर दुपारीच बांधावर बसू. हिचं काम खुर्चीत हाय, एवढाच फरक." तिने कागद परत सरकवला. "सही येते मला. पण यावर नाय करणार."

मला राहवलं नाही. "सर, पाहुण्यांसमोर चालतो तो तारपा हिच्या कानात का नाही चालत?"

"तुम्ही थांबा," सर म्हणाले, पण कागद त्यांनी खणात टाकला. मैत्रिणीला विचारलं, "आवाज शेजारच्याला येतो?"

"नाय सर. शेजारची झोपलेली असते."

सर हसले, आणि तिथे आम्ही जिंकलो. बंदी त्याच दिवशी उठली, एकटीची नाही, सगळ्यांची. आवाज बाहेर येणार नसेल तर इयरफोन चालेल, अशी नवी सूचना लागली. ती लिहायचं काम सरांनी मला दिलं. "दोन ओळीत. आणि शास्त्र घालू नका."

निकाल लागला तेव्हा ती सुट्टीत घरी होती. पाड्यावर रेंज नाही, म्हणून बैठक क्रमांक माझ्याकडे देऊन गेलेली, आणि मोबाईल लागतो त्या टेकडीवर संध्याकाळी चढणार होती. ठरल्या वेळी तिचा फोन आला. धाप लागलेली.

"सांग."

"सुटले."

"किती?"

"दोन्ही."

मग फोन कानापासून लांब गेला आणि तिने टेकडीवरून खाली आईला हाक मारून सांगितलं. खालून कुणीतरी पुन्हा विचारलं, आणि तिने आणखी मोठ्याने सांगितलं, "दोनी. मी परत कॉलेजला चालले."