चौथी ओळ काढल्यावर

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कारणं होती. आधी समाजाची दुसरी यादी निघायची होती, मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आलं, मग ज्याला सांगायचं तोच बरा नव्हता. शाळेत गणित शिकवत होतो तेव्हा गृहपाठ न आणणारी मुलं असलीच कारणं द्यायची, आणि मी त्यांना बाकावर उभं करायचो.

निवृत्तीनंतर घरात बसून बायकोच्या कामात चुका काढू लागलो, तेव्हा तिनंच मला आमच्या गावातल्या, स्टेशनाजवळच्या लालबागच्या एका कॉम्प्युटर क्लासला पिटाळलं. तिथं मी जावा ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकलो. वर्गातली मुलं मला 'अंकल' म्हणत आणि माझा प्रोग्राम चालला की टाळ्या वाजवत. सर्कशीतल्या हत्तीनं स्टुलावर पाय ठेवला की वाजवतात तशा. मला ते कौतुक वाटलं. प्रमाणपत्र फ्रेम करून बैठकीत लावलं आणि पाहुण्यांना त्याच्या समोरच्या खुर्चीत बसवू लागलो.

त्याच सुमारास आमच्या समाजाच्या मंडळाला सगळ्या कुटुंबांची यादी कॉम्प्युटरवर घेऊन तिचं पुस्तक छापायचं होतं. त्यांना फुकटचा माणूस हवा होता, मला मोठेपणा.

अडचण एवढीच की एका घरात तीन माणसं, तर दुसऱ्यात तेरा. कागदी फॉर्मवर दहा ओळी छापल्या की भागतं. अकरावा माणूस मागच्या बाजूला जातो. मला तसलं साधं काम नको होतं. मी 'आणखी एक सदस्य' असं बटण केलं. ते दाबलं की नवी ओळ उगवायची: नाव, वय, नातं, शिक्षण. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'काढा' हे लाल बटण. उगवणाऱ्या ओळींना आतून क्रमांक दिलेले, नाव एक, नाव दोन, नाव तीन. फॉर्म पाठवला की पलीकडे माझा प्रोग्राम एकेक नाव मागायचा. नाव एक आहे? घेतलं. नाव दोन आहे? घेतलं. जो क्रमांक सापडला नाही तिथं घर संपलं असं समजून तो थांबायचा.

म्हणजे हजेरी घेताना चौथा मुलगा गैरहजर निघाला, तर मास्तरानं पुढची मुलंच नाहीत असं मानून हजेरीबुक मिटायचं. छत्तीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसानं हे लिहिलं.

चाचणी मात्र कसून केली. एका खोट्या घरात तेवीस माणसं घातली, तेवीसही उतरली. त्यातलं एकही काढून पाहिलं नाही. आणि भरलेली माहिती सरतेशेवटी माणसाला परत दाखवावी, हेही सुचलं नाही. मी तिथं गुलाबाचं फूल आणि 'धन्यवाद' दाखवलं. त्या फुलाच्या पाकळ्या हलत. त्या हलवायला मला चार दिवस लागले होते.

लालबागेतच माझा एक जुना मित्र राहायचा. कापडाचं दुकान होतं. त्याची धाकटी बहीण लग्नानंतर दोन वर्षांतच माहेरी परत आली होती, ती कायमची. चांदनी गावच्या शाळेत शिकवायची. घरून स्टेशन जवळ, म्हणून रोज गाडीनं जाऊन-येऊन करायची. मित्राचा फॉर्म भरायला मी स्वतः त्याच्या घरी गेलो. तो एका बोटानं टाइप करायचा. पहिला तो, मग वहिनी, मग मुलगा, मग मुलगी, पाचव्या ओळीत बहीण. आधी आपलं बिऱ्हाड आणि मग परत आलेलं माणूस, हा क्रम कुणी शिकवत नाही, हाताला आपोआप येतो.

"अहो, पोरीचं कशाला लिहिलं?" वहिनी मागून म्हणाल्या. "ती आता तिकडच्या यादीत."

मुलीचं लग्न होऊन महिना झाला होता. समाजाचा नियमच तसा, लेक लग्न झालं की सासरच्या कुटुंबात.

"सवय गं," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "मास्तर, हे लाल बटण तूच दाब. माझ्या बोटानं नाही होत."

मी दाबलं. चौथी ओळ गेली, बहिणीची पाचवी वर सरकली. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. आतून तिचा क्रमांक पाचच राहिला होता. फूल आलं. वहिनींनी फुलाचं कौतुक केलं.

पुस्तकाच्या प्रकाशनाला मला शाल-श्रीफळ मिळालं. जेवणाआधी सगळे आपापलं पान शोधत होते. मित्राची बहीणही. तिचं बोट तीन नावांवरून खाली आलं आणि पुढच्या कुटुंबाशी थांबलं.

मित्र पुस्तक घेऊन माझ्याकडे आला, ती मागे उभी.

"मास्तर, हिचं नाव कुठं गेलं रे?"

"कॉम्प्युटर मनानं काही खात नाही," मी म्हणालो. "जे भरलं तेच छापतो. तूच विसरला असशील."

"भरलं होतं ना? तू होतास की."

शाल खांद्यावर असताना माणसाला आठवत नाही. "मी फक्त बटणं दाखवत होतो," मी म्हणालो.

"जाऊ दे दादा," ती म्हणाली. "तेवढं काय त्यात. चला, पंगत बसली."

महिन्याभरात तिनं चांदनीला खोली घेतली. गाडीची वेळ बदलली म्हणून, असं सांगितलं. गाडीची वेळ तीच होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत जवळच्या शाहपूर गावाहून केळीची बाग असलेल्या एकाचा फोन आला. "सर, आमच्या घरात सात माणसं भो, पुस्तकात दोनच. बाकीचे काय बागेत घड तोडायला गेलेत का?" मी त्याला विचारलं, भरताना मधली एखादी ओळ काढली होती का. तो म्हणाला, हो, आजोबा दोनदा लिहिले गेले होते.

प्रोग्राम उघडला. चूक सापडायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. वर माझ्याच हातची टीप होती: 'क्रमांक सलग येतील असे गृहीत धरले आहे.' दुरुस्तीही क्षुल्लक. उरलेल्या ओळींचे क्रमांक फॉर्मबरोबरच पाठवायचे, आणि जे आले तेवढेच वाचायचे. मंडळाला मी 'तांत्रिक सुधारणा' केल्याचं पत्र दिलं. सचिव म्हणाला, "सर, आप तो कमाल हो." मी नम्रपणे हसलो. दुसऱ्या यादीसाठी शाहपूरवाल्याचं पान नीट केलं. मित्राचंही केलं, आणि त्याला काही बोललो नाही.

तो मात्र बोलायचा. दर भाऊबीजेला चांदनीला जाऊन यायचा. बहीण ओवाळायची, जेवू घालायची, पण घरी परत ये म्हटलं की विषय बदलायची. परत आल्यावर तो माझ्याकडे बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणायचा, "माझ्याच हातून कसं राहिलं रे?"

एकदा मी धीर केला. "अरे, त्या फॉर्ममध्ये एक भानगड होती..."

"तू मला वाचवू नको," तो म्हणाला. "दोस्तीत खोटं बोलशील, माहीत आहे मला."

तिथं मला थांबायला जागा मिळाली आणि मी थांबलो. घरी येऊन पोटभर जेवलो, हेही लिहिलं पाहिजे.

मागच्या वर्षी तो गेला. दिवस झाल्यावर मी चांदनीला गेलो. ताई आता शाळेतून निवृत्त, त्याच खोलीत राहतात. मी पाच ओळी आखलेला कागद पुढे ठेवला आणि फळ्यापाशी उभा असल्यासारखं समजावू लागलो. त्यांना माझं अर्धंही ऐकावं लागलं नाही.

"म्हणजे चौथी काढली म्हणून पाचवी वाचलीच नाही?"

"हो."

"दादानं माझं नाव लिहिलं होतं."

"माझ्यासमोर लिहिलं होतं, ताई."

त्यांनी कागदावरच्या पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"माझं राहू द्या भाऊ. मला आज कळलं तरी. हे तुम्ही त्याला कधी सांगितलं?"

मी कागदाची घडी घालू लागलो. त्यांना उत्तर कळलं.

गाडीत बसल्यावर मला वाक्यं सुचली. ती सोपी होती, अकरा वर्षांत कधीही बोलता आली असती. तुझ्या हातून काही राहिलं नव्हतं. तू तिचं नाव लिहिलंस, मी ते पाहिलं होतं, आणि ते कुठं गेलं हेही मला माहीत होतं. मला माफ कर.