चुलीमागचं दार

आमचे हे एका जागी बसणारे माणूस नव्हतेच. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, पण तुमाले समजाले पाह्यजे म्हून एकदा घेते: फकिरा. जेवाले बसले तरी एक गुडघा उभा. खाटेवर पडले तरी पाय हालतच राहे. सासूबाई म्हणत, याच्या पायाले भिंगरी बांधली हाय.

भंडाऱ्याकडच्या आमच्या गावातून हे भिलाईले गेले, तवा तिथला लोखंडाचा कारखाना उभा होऊन राहिला होता. ट्रेनी म्हून होस्टेलात जागा भेटली. त्या होस्टेलाचं भारी कौतुक सांगत. मेसमधी सगळ्या जातीचे पोट्टे एकाच पंगतीले, अन् पाण्याच्या टाकीवर कोणी कोणाले काही विचारत नव्हतं. गावात आमाले विहिरीजवळ उभं राहू देत नव्हते, म्हून याइले ते होस्टेल सोडवत नव्हतं. पण होस्टेलात बायको नेता येत नाही ना. आमचं लगन होऊन वर्ष झालं होतं. पांढऱ्या लुगड्यात, बुद्धाच्या फोटोसमोर, गावातलं तसं पहिलंच लगन. अन् मी सासरी सासूचे बोल खात बसली होती.

हे सुटीले आले तवा मी सरळ सांगतलं, "मले मोठं घर नको. आतून लावता येईल असं एक दार पाह्यजे. ते भेटलं का न्यायाले या."

मंग याइले कुठचा दम! कारखान्याचं क्वार्टर कधी भेटंल त्याचा पत्ता नव्हता. ट्रेनिंग संपली तसं होस्टेल सोडलं, अन् मेसमधल्या दोन दोस्ताइसंगं कारखान्याजवळच्या मरोदा गावात मातीचं घर भाड्यानं घेतलं. एक देवाजी, एक दयाराम, दोघंही आपल्याकडचे, कुणब्याचे पोरं. समोरची खोली त्या दोघाइची, आतली आमची. घरमालकीण कलावतीबाई तिथलीच, छत्तीसगढी, बाजूच्या अंगणात राहे.

कारखान्यात दर हप्त्याले पाळी बदलते. मी येईन त्या हप्त्यात याइची सकाळची पाळी असावी, असा याइनं हिशोब केला होता. पण पाळी कोणत्या अंगानं फिरते तेच उलटं धरलं. मी ट्रंक घेऊन उतरली अन् याइले नाइट लागली. बाप्पा! नवीन गाव, नवरा रातभर भट्टीवर, अन् समोरच्या खोलीत दोन परके माणसं. मधात दार म्हणाल तं लटकवलेलं एक पोतं.

माणसं खराब नव्हते, खोटं कायले बोलू. दयाराम तं गल्लीच्या तोंडापासून खोकत ये, का वहिनीले समजावं. तरी मले भेव वाटे, डोळ्याले डोळा लागत नव्हता. बाहेर जायाचं तं त्याइच्याच खोलीतून. भांडं वाजलं तं कोणाची ना कोणाची झोपमोड, कारण तीन पाळ्याइचे तीन माणसं, घरात कोणीतरी झोपलेलंच. मी आपली चुलीपासून पोत्यापर्यंत अन् पोत्यापासून चुलीपर्यंत फिरत राहू. याइची भिंगरी माह्या पायाले लागली.

शेवटी एका सकाळी हे ड्यूटीवरून आले तसं मी सांगतलं, का मी आजच्या गाडीनं जाऊन राहिली. याइनं दोन चकरा मारल्या. पुढच्या हप्त्यात पाळी बदलते म्हणाले. मी म्हटलं, गोष्ट दाराची झाली होती, पाळीची नाही. थोडा डोळा लागू दे, मंग टेसनावर पोहोचवतो म्हणाले, अन् बसल्या बसल्या आडवे झाले.

मी कायले वाट पाहू? ट्रंक उचलली, पोतं सारलं. समोर दयाराम, तोंडावर चादर घेऊन, उंबऱ्याले आडवा झोपलेला. झोपल्या माणसाले ओलांडाचं नाही, हे लेकरालेही ठाऊक हाय. त्यात परका पुरुष. हात लावून उठवता येत नाही, नाव घेऊन हाक मारता येत नाही. ट्रंक धरून मी उभीच. हाताले रग लागली, अन् असा संताप आला का विचारू नका. राहायचं म्हटलं तं दार नाही, जायाचं म्हटलं तरी दार नाही!

कलावतीबाईची सब्बल, म्हंजे लोखंडी पहार, चुलीमागं टेकवलेली राहे. पदर खोचला अन् मागच्या भिंतीवर घातला घाव. मातीची भिंत, ढेकळं पडाले लागले. हे घोरून राहिले होते! कारखान्याच्या आवाजात राहणारा माणूस, त्याले भिंतीचं काय. दयाराम उठला, पण पोत्यापलीकडं उभा राहून आधी खोकला. कलावतीबाई धावत आली, भोकातून तोंड घालून खूप बोलली. मंग तिची नजर पोत्यावर गेली, पोत्याखालून दिसणाऱ्या दयारामच्या पायावर गेली. चौकट ठोकल्याबिगर भिंत टिकणार नाही म्हणाली, अन् स्वतःच ढेकळं बाजूले कराले लागली. मी ट्रंक त्या भोकातून अंगणात ठेवली.

ऊन आत आलं ते सरळ याइच्या तोंडावर. उठून बसले. भोकाकडं पाह्यलं, अंगणातल्या ट्रंकेकडं पाह्यलं. चपला घातल्या अन् त्या भोकातूनच निघून गेले. मले वाटलं, झालं, तुटलं आता.

दुपार कलली तवा आले, डोक्यावर फळ्या घेऊन. कारखान्याच्या मशिनी ज्या खोक्याइत रशियातून येत, त्याच्या फळ्या. वरती काळ्या रंगानं काही लिहिलेलं, आमच्यात कोणालेच वाचता येत नव्हतं. दुपारच्या पाळीले दांडी मारून थांबलेला दयाराम अन् ड्यूटीवरून आलेला देवाजी, दोघाइनं पोतं काढून मधली वाट फळ्या ठोकून बंद केली. याइनं मागचं दार बसवलं.

मंग कडी हातात घेऊन हे माह्यापुढं उभे राहिले. ट्रंक अजून अंगणातच होती.

"जाशील तं बाहेरून लावतो, कुलपासाठी. राहशील तं आतून. सांग, कोणत्या अंगानं लावू?"

मी ट्रंक उचलली अन् आत नेऊन ठेवली.

त्या दिवशीही याइले नाइटच होती. हे गेले अन् मी कडी लावली. सकाळी येऊन दार वाजवत राहिले म्हणे, पण मले जागच नाही. कलावतीबाईनं मंग सांगतलं, का हे खूप वेळ पायरीवर बसून होते, बिल्कुल हलले नाही.