स्कार्फमधली आई

कुरुळीत मी घरीच पाळणाघर चालवते. मुलं बहुतेक कंपनीत जाणाऱ्या बायकांची. त्यांतली एक चार वर्षांची मुलगी इतकी बुजरी, की तहान लागली तरी पेल्याकडं नुसती बघत बसायची. मी मुळातच तडकफडक बाई. तिची भीड मोडायचा विडा मीच उचललेला. आल्यागेल्याला नमस्कार कर, तोंड उघड, असं दिवसभर तिच्या मागं लागायचे.

त्या दिवशी पहिली शिफ्ट सुटली आणि फाटकाशी स्कूटीचा हॉर्न वाजला. कंपनीचा करडा शर्ट, डोळ्यांपर्यंत घट्ट बांधलेला स्कार्फ. धुळीमुळं इथं सगळ्याच जणी अशा येतात. मी शर्ट आणि गाडी बघूनच मूल हवाली करायचे. मुलीनं माझा पदर ओढला. मान हलवली. पुन्हा ओढला. माझ्या कडेवर दुसरंच एक पोर भोकाड पसरून होतं.

"अगं, आईलासुद्धा लाजतेस?" म्हणत मी तिची फाटकावरची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला गाडीवर बसवलं.

दहा मिनिटांनी तिची आई आली. स्कार्फ सोडत म्हणाली, "ताई, आवरलं का हिचं?"

झालं ते मी कसंबसं सांगितलं. तिनं नवऱ्याला फोन लावला, तो उचलेना. शेवटी बाकीची मुलं माझ्या सासूबाईंवर सोपवून आम्ही दोघी तिच्या चाळीकडं सुटलो. वाटेत प्रत्येक स्कूटीवर मला तीच मुलगी दिसत होती.

मुलगी चाळीतच होती, नव्या भाडेकरू बाईच्या पायरीवर. हातात बिस्किटाचा पुडा, न फोडलेला. आम्हाला बघून ती बाई गांगरली. "भाऊंनीच फोन केला ना, हिच्या पप्पांनी. वहिनीला ओव्हरटाइम हाय, पोरीला घिऊन या म्हणले."

"ओव्हरटाइम रद्द झाला, ह्यांना कळवायचंच राहिलं," म्हणत आईनं लेकीला छातीशी धरलं. सुटकेनं मला रडू आलं आणि सवयीनं रागही आला. मी मुलीसमोर उकिडवी बसले.

"ही आई नाही, हे कळलं होतं ना तुला? मग सांगायचं नाही का मला?"

तिनं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.