करदोड्यात बोट

दवाखान्याची पायरी चढली की तो सदरा वर करायचा आणि कमरेच्या करदोड्यात बोट घालून दाखवायचा. "पाहा साहेब, बोट जाऊन नाही राह्यलं." मी डोणगावच्या दवाखान्यात साधा कंपाउंडर. साहेब म्हणू नकोस, हे त्याला सांगून सांगून मीच थकलो.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. त्याआधी दोन वर्षं हा माणूस वांग्याच्या वाफ्यात उभा राहून न दिसणाऱ्या माणसांशी भांडायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि तो निवला. "आवाज गेले, भूक आली," असं हसून सांगायचा. सहा भाकरी खाऊन सातवीकडे बघायचा, वर गुळाचा खडा. आई दर दोन महिन्यांनी आणखी लांब करदोडा वळायची. अंगानं भरला म्हणजे पोरगा बरा झाला, असं ती गावभर सांगायची. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं. आपल्याकडे भरल्या अंगाच्या माणसाला आजारी म्हणतो कोण?

आमच्या डॉक्टरांना मात्र ते वजन खटकायचं. घरात कुणाला साखरेचा आजार होता का, असं त्यांनी आईला विचारलं. ती नाही म्हणाली. त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न साखरखेर्ड्याला जमत आलं होतं, हे मला ठाऊक होतं. आईनं नाही म्हटलं, तरी लघवी तपासून घ्या, असं डॉक्टर मला म्हणाले. मी आईच्या शब्दावर विसंबलो आणि ते काम पुढच्या खेपेवर ढकललं. अशा तीन खेपा गेल्या.

चैत्रात तो आला आणि सदरा वर केला. बोटच काय, करदोड्यात मूठ जात होती. बाकावर बसायच्या आधी तो माठातलं चार तांबे पाणी प्यायला. तळपायाची काट्याची जखम काळी पडली होती. मी नळीत निळं औषध घेतलं, त्यात त्याच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता विटकरी. लघवीत साखर भरभरून होती.

आई दारातून नळीकडे बघत होती. "याच्या मुताले मुंग्या लागत व्हत्या," ती हळूच म्हणाली. "याच्या बापालेबी लागत. एका घरात दोन रोग म्हटल्यावर पोरीले कोण करून नेईन?"

मला तिचा संताप आला. स्वतःचा त्याहून जास्त आला.

डॉक्टरांनी लगेच अकोल्याला न्यायला सांगितलं. एसटीत बसताना त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "गोळ्या बंद करान काय साहेब? आवाज परत येतीन." गोळ्या चालूच राहतील, असं मी सांगितलं, तेव्हा त्यानं हात सोडला.

पंधरा दिवसांनी त्याला ट्रकनं परत आणलं. सरणावर ठेवण्याआधी करदोडा तोडायची रीत आहे. भावकीतल्या एकानं विळा काढला, पण आंघोळ घातलेल्या ओल्या अंगाला दोरा चिकटला होता. विळ्याला जागा व्हावी म्हणून मी करदोड्यात बोट घातलं. मनगटापर्यंत हात आत गेला.