राजवाड्यातला दगड आणि माझा हात

“इवायानं मले राजवाड्यात काठीनं झोडपलं, हाल्याले झोडपावं तसं,” असे माझे व्याही वडनेरला बसतील तिथे सांगतात आणि कपाळावरची खोक दाखवतात. राखीला माहेरी गेलेली माझी सून त्यांनी अजून धाडलेली नाही. काठीची माफी मागा, मग पोरगी येईल, असा त्यांचा निरोप आहे.

मारल्याची माफी मी आज मागेन. काठीची मागणार नाही. आमच्या वावरात काठी हाल्यासाठी, म्हणजे रेड्यासाठी असते. सोयऱ्यावर ती उचलणाऱ्याच्या घरी कोणी मुलगी नांदवू नये, हे मीच सांगतो.

गोंड राजांचा तो जुना राजवाडा पाहायला आम्ही दोन्ही घरची माणसे गेलो होतो. भिंतीला हात टेकत मी पायऱ्या चढलो. आतल्या दालनात वटवाघळांचा उग्र वास आणि मधोमध एक काळा दगड होता. त्याच्या काठावर पाच खोल खाचा होत्या.

“इथं फितुरांच्या माना तोडत,” गाईड म्हणाला. “हे तलवारीचे घाव.”

मी त्याला थांबवले. तलवारीच्या घावाला धार असते; या खाचा तळाशी गोल आणि गुळगुळीत होत्या. विहिरीच्या काठचा दगड दोराने असाच झिजतो. माझ्या भाजीच्या मळ्यात तसाच एक आहे.

व्याही हसले. “वांगे इकणाऱ्यानं राजवाड्यात कायले तोंड घालावं, इवाई?”

“तुमी मुंगळे लागलेला गूळ इकता,” मी म्हणालो, “म्हणून तुमाले कोणाचंई बोलणं गोडच लागते.”

लोक हसले. ते त्यांना झोंबले. किराण्याची पोती उचलून कमावलेल्या हाताने त्यांनी माझी मानगूट धरली. “ठेवा मान! जावई, काढा फोटू. फितूर सापडला!”

दगडाची कड गळ्यात रुतली. श्वास कोंडला. “सोडा,” मी दोनदा म्हणालो. माझा मुलगा मोबाइल धरून हसत होता. व्याह्यांनी दुसरा हात तलवारीसारखा उगारून माझ्या मानेवर हाणला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मी उसळून वळलो आणि मूठ आवळून त्यांच्या तोंडावर दोन ठोसे हाणले. ओठ फाटला, दात माझ्या बोटांत रुतला. ते तोल जाऊन त्याच दगडावर आदळले आणि कपाळ उकलले. गाईडला हवे होते ते रक्त त्या खाचांतून खरेच वाहिले. तो मात्र भिंतीला चिकटून उभा होता. मुलाने मला ओढत मागच्या दाराने बाहेर काढले.

खोक दगडाची, फाटलेला ओठ माझ्या मुठीचा. काठीचे म्हणाल, तर आत शिरतानाच पहारेकऱ्याने सगळ्यांच्या छत्र्या-काठ्या पुढच्या दरवाज्यावर ठेवून घेतल्या होत्या. माझी तिथेच राहिली आणि तिच्या बदल्यात दिलेला पितळी बिल्ला अजून माझ्या बंडीच्या खिशात आहे.