मंगळवारचे भाव

दुकानात पाऊल टाकल्याबरोबर माझे डोळे छताकडे गेले. त्या कोपऱ्यात एसीचं पाणी ठिबकायचं आणि खाली आमची निळी बादली कायमची ठेवलेली असायची. आता बादली नव्हती. तिथे कोकम सरबताच्या बाटल्या रचल्या होत्या आणि छताला नवा पांढरा रंग दिला होता. गळती खरंच काढली की नुसती रंगाखाली झाकली, असं मनात आलं. नोकरी मागायला आलेल्या बाईने असलं काही मनातसुद्धा आणू नये, असं स्वतःला बजावून मी ओढणी सारखी केली.

परळच्या या इमारतीत मी अकरा वर्षं काम केलं होतं. तेव्हा इथे एका मोठ्या कंपनीचं सुपरमार्केट होतं आणि मी तळमजल्यावर किराणा विभागाची इन्चार्ज होते. पाच महिन्यांपूर्वी कंपनीने मुंबईतली सगळी दुकानं बंद केली, आमच्या हातात एकेक पत्र ठेवलं आणि शटर ओढलं. आता तीच जागा लालबागच्या एका सुपरमार्केटवाल्यांनी घेतली होती. त्यांचं मूळ दुकान आमच्या चाळीपासून चार गल्ल्या सोडून. आधी एका गाळ्याचा किराणा, मग दोन गाळे, मग दादरला शाखा, आता ही इमारत. आमचे साहेब त्यांना ‘तो मालवणी किराणावाला’ म्हणायचे आणि नाक मुरडायचे. साहेब गेले, कंपनी गेली, मालवणी किराणावाला राहिला.

मला ती नोकरी हवी होती. हवी म्हणजे काय, दुसरा रस्ताच दिसत नव्हता. महिन्यापूर्वी नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्याला आधाराशिवाय उठता येत नव्हतं. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. पाच महिन्यांत मी नऊ ठिकाणी जाऊन आले होते आणि सगळीकडे माझ्या निम्म्या वयाची पोरं ‘मॅडम, कळवतो’ म्हणाली होती. त्या दिवशी मुलीचा पेपर होता, त्यामुळे घरी दुसरं कोणी नव्हतं. नवऱ्याच्या उशाशी पाणी, फोन आणि बिस्किटाचा पुडा ठेवून मी म्हटलं होतं, ‘तासाभरात येते.’

पण मी धास्तावले होते ते निराळ्याच कारणाने, आणि ते मी नवऱ्यालाही कधी धड सांगितलेलं नव्हतं.

कंपनीत एक काम असायचं, त्याला आम्ही सर्व्हे म्हणायचो. नाव मोठं, काम हलकं. आजूबाजूच्या दुकानांत गिऱ्हाईक बनून जायचं आणि त्यांचे भाव बघून यायचं. लालबागचं दुकान माझ्या वाट्याला आलं, कारण मी तिथलीच. चेहरा तिथला, बोलणं तिथलं. सात वर्षं, दर मंगळवारी दुपारी, युनिफॉर्म बदलून घरचा ड्रेस घालून मी जात होते. चाळीस वस्तूंची यादी तोंडपाठ. दहा-दहा भाव डोक्यात ठेवायचे, गल्लीच्या तोंडाशी येऊन तळहातावर लिहायचे, आणि ‘अगंबाई, हिंग राहिला’ करत पुन्हा आत शिरायचं. बुधवारी सकाळी आमच्या दुकानात त्याच वस्तूंवर रुपया-दोन रुपये कमीच्या पाट्या लागायच्या.

त्या दुकानात गल्ल्यावर मालकीणबाई बसायच्या. सगळे त्यांना काकी म्हणायचे, मीही म्हणायचे. मी दिसले की ‘ये गो’ म्हणून हाक मारायच्या, मुलगी कितवीत गेली ते विचारायच्या, पाव किलो जिरं घेतलं तर वर चिमूटभर टाकायच्या. आणि मी त्यांच्याशी साळसूदपणे गप्पा मारता मारता त्यांच्या खांद्यावरून साखरेचा भाव वाचत असायचे. पुढे पुढे त्यांच्या फळ्या रिकाम्या दिसायला लागल्या. साखरेच्या पोत्यात तळाशी दोन मुठी, तूरडाळीचा डबा खडखडीत. ‘दुकान बसतंय’ असं मी रिपोर्टात लिहिलं तेव्हा साहेबांनी माझी पाठ थोपटली. मला दोन दिवस घास गिळेना. आपण एका बाईच्या पोटावर पाय देतोय, हे मला कळत होतं. तरी पुढच्या मंगळवारी गेलेच. पगार घ्यायचा होता.

कामासाठी फोन आला तो त्यांच्या मुलाचा. काकी आता थकल्यात, दुकानात येत नाहीत, असं मी चाळीत ऐकलं होतं. तेवढ्यावर विसंबून आले होते. मुलाने माझा कागद वरवर वाचला आणि म्हणाला, ‘अनुभव चांगलाय तुमचा. आता आईसोबत एक राउंड मारून या. माणसं तीच ठेवते.’



बिस्किटांच्या रॅकमागून काकी आल्या. केस पूर्ण पांढरे, गुडघ्यांमुळे चाल डुलती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. सरळ माझ्या दंडाचा आधार घेतला. ‘तू हयच होतीस ना कामाला? मगे दाखव माका तुझं दुकान.’

मी दाखवू लागले. फरशीवर आमच्या जुन्या रॅकचे चौकोन अजून दिसत होते, आजूबाजूची फरशी झिजून पिवळी आणि मधे पांढरीशुभ्र. माझे पाय त्या चौकोनांना वळसा घालूनच चालत होते. नव्या रॅकवर मी दोनदा आपटले. फ्रीजच्या मागे भिंतीवर कंपनीचा निळा पट्टा तसाच राहिला होता. काकींचा हात दंडावर आणि माझ्या काखेत घामाच्या धारा. त्यांनी ओळखलंय की नाही? ओळखलं असेल तर बोलत का नाहीत? नसेल ओळखलं तर मी बोलावं का? मी काहीच ठरवलं नाही, नुसती बडबडत सुटले. इथे डाळी होत्या, इथे तेल, या खांबाला ट्रॉल्या धडकतात, या वजनकाट्याखाली फरशी उतरती आहे.

‘आणि हय साखर,’ मी म्हटलं. साखर म्हणताना आवाज चिरकला.

एसीच्या खालच्या कोपऱ्यात काकींनी सुक्या मासळीचा रॅक लावायला सांगितलं होतं. बोंबील, सुकट, जवळा, सगळं काचेच्या दाराआड. ते बघून मात्र मला राहवेना. ‘काकी, इथे नको. ही भिंत हवा ओढते. दोन दिवसांत रव्याला बोंबलाचा वास लागेल. मागच्या दाराशी न्या,’ मी चांगली खेकसलेच. मग जीभ चावली. काकी ‘हं’ म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. घरून निघून दीड तास झाला होता.

साखरेच्या रॅकपाशी एक प्लास्टिकचं स्टूल होतं. त्यावर काकी टेकल्या. मला म्हणाल्या, ‘आज मंगळवार आसा?’

‘नाही काकी, गुरुवार.’

‘मगे घाबरतस कित्याक?’

झालं, म्हटलं. दहावं ठिकाण.

‘पहिल्याच महिन्यात कळलं माका,’ काकी सांगू लागल्या, आवाज अजिबात न चढवता. ‘पाव किलो जिऱ्यासाठी कोण तीन वेळा आत-बाहेर करतं गो? आणि हाताला शाई. मग मी मंगळवारी सकाळी पाट्या बदलायला लागले. साखर, तूरडाळ, शेंगदाणे. माझी खरेदी असायची त्याच्याहून कमी भाव लिहायचे. आणि माल आत सरकवून ठेवायचे. नाहीतर कोणीतरी त्या भावाने खरंच मागितलं असतं.’

‘म्हणजे त्या रिकाम्या फळ्या...’

‘तुझ्यासाठी. बुधवारी तुझी कंपनी त्याच्याहून खाली यायची. मगे आमची दोन माणसं तुमच्याकडे येऊन साखर भरून न्यायची. चोरी नाय हां. रांगेत उभी राहून, पैसे देऊन.’

ती दोन माणसं मला लख्ख आठवली. दर बुधवारी ट्रॉली भरभरून साखर. ‘काय भाऊ, लग्नकार्य काढलंय का?’ म्हणून मी त्यांची थट्टा करायचे. एकदा तर पिशव्या उचलायला आमचा माणूस दिला होता, थेट टेम्पोपर्यंत.

मला आधी राग आला, आणि तो चांगलाच आला. सात वर्षं मी ज्या बाईसाठी झुरले, ती बाई मंगळवारी सकाळी माझ्यासाठी खोट्या पाट्या रंगवत बसली होती. मग लगेच दुसरी भीती. ‘काकी, म्हणजे आमचं दुकान माझ्यामुळे बंद पडलं?’

‘खुळी की काय? पाच-सहा पोती साखरेने कंपनी बुडते? ती बुडली तिच्या कर्माने.’ काकी हसल्या, मीही हसले. बऱ्याच दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. त्यांनी माझ्यावर राग धरला नव्हता, मी त्यांचं काही बुडवलं नव्हतं, आणि नोकरीचं अजून ‘नाही’ झालेलं नव्हतं.

‘एका मंगळवारी मात्र माका तुझो राग इलो,’ काकी म्हणाल्या.



‘पोर तापाने फणफणलीय, शेजारणीपाशी निजवून आलेय, असं तूच सांगितलंस. सांगत होतीस माका आणि बघत होतीस साखरेकडे. मी म्हटलं, दुकान बंद करतेय, तू घरी जा. भर दुपारी शटर ओढायला लावलं मी. गिऱ्हाईकं बोंबलत होती. तरी शटर खाली येईपर्यंत तू वाकून पाट्या वाचत होतीस.’

तो मंगळवार मला आठवत होता. यादी अर्धीच झाली म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं होतं, म्हणून आठवत होता. त्या बाईला नेमकं आजच शटर ओढायचं सुचलं, असं मी बसथांब्यापर्यंत चरफडत गेले होते. ताप मी साफ विसरले होते. मुलगी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. तिच्या कपाळावर कोणी पट्ट्या ठेवल्या, शेजारणीने औषध दिलं की नाही, मी किती वाजता घरी पोचले, यातलं काहीच आठवेना. त्या दिवशीचा शेंगदाण्याचा भाव मात्र आठवला. मला स्वतःची शिसारी आली.

काकी माझ्या दंडाला धरून उठल्या. ‘काम येतं तुका. मासळीचं बोललीस ते बरोबर आसा, उद्याच हलवते. माझी एकच अट. घरी माणूस आजारी असेल तर सांगायचं आणि सरळ घरी जायचं. मी पगार कापत नाय कोणाचा.’ चालता चालता त्या थांबल्या. ‘आता घरी सगळं बरं ना?’

दोन तास होऊन गेले होते. नवरा पाठीवर पडून असणार, बाथरूमला जायचं असेल तर दात आवळून धरून ठेवलं असणार. फोन करणार नाही तो. मुलाखतीत फोन वाजला तर वाईट दिसतं, हे मीच त्याला बजावून आले होते. खरं सांगायला याहून चांगली वेळ आणि याहून चांगलं माणूस मला मिळालं नसतं. शब्द ओठांवर आले होते. पण काकींच्या मुलाच्या टेबलासमोर एक मुलगी येऊन बसली होती. विशीबाविशीची, इस्त्रीचा कुर्ता, मांडीवर फाईल.

‘हो काकी,’ मी म्हटलं. ‘सगळे बरे आहेत.’

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. सात वर्षं मला ओळखून असलेली बाई. मग त्यांनी मान फिरवली आणि मुलाला हाक मारून सांगितलं, ‘सोमवारपासून येईल ही.’

मुलाने फॉर्म पुढे सरकवला. चार पानी होता. तो मी घरी नेऊनही भरू शकले असते, तसं तो म्हणालाही. पण घाईत आहे असं दिसू नये म्हणून मी खुर्ची ओढली आणि सावकाश, एकेक अक्षर सुबक काढत, तिथेच भरत बसले.