द्राक्षांना पाजलेलं पाणी

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा चाकूरजवळच्या वस्तीला वाटलं, साहेबाची कचेरी जवळ आली, आता पाणीही येईल. कचेरी आली. पाणी मात्र उस्मानाबादेच्या काळात होतं तेवढंच लांब राहिलं, आणि दुष्काळात वस्तीचा आड कोरडाठाक पडला.

उरला तो शेषेरावांच्या मळ्यातल्या विहिरीचा आधार. त्यांनी दारूच्या कारखान्यासाठी द्राक्षं लावली होती. माणसाला पाणी नाही आणि दारूला आहे, असा हा न्याय! पण द्राक्षांची तोड चालेल तोवर तोडणाऱ्या बायांनी रोज संध्याकाळी दोन-दोन घागरी न्याव्यात, असं त्यांनी कबूल केलं होतं. एरवी फाटकाला कुलूप असायचं, आत कामाला येणाऱ्यालाही पाणी बाहेर न्यायची मनाई होती. वस्तीतली चांगुणा तोडीकडे डोळे लावून बसली होती. घरात तिची सासू सरजाबाई तापानं पडलेली होती आणि सारखी पाणी मागायची.

मळ्यात पाटाचं दारं धरायचं, म्हणजे ओळीओळीला पाणी वळवायचं काम चांगुणाचंच. ही रोपंही पहिल्या उन्हाळ्यात तिनंच कमरेवर घागरी वाहून जगवली होती. कारखान्याचा माणूस आणायला लातूरला निघताना शेषेरावांनी बजावलं, तोडीपर्यंत वेलींना थेंब द्यायचा नाही, त्यानंच गोडी भरते. चांगुणाला ते पटलं नाही. पाणी असून तहानलेल्याला नाही म्हणणं काय असतं, ते तिच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या सोसलं होतं. माना टाकलेली पानं तिला बघवेनात. तिनं मोटर चालू केली आणि दिवसभर ओळीओळीनं पाणी पाजलं. बाई खुळी नव्हती, माया आडवी आली.

दोन दिवसांत घड टरारून फुगले आणि मणी तडकले. रस गळू लागला, गांधीलमाश्या घोंगावू लागल्या. कारखान्याच्या माणसानं एक मणी चाखला, थुंकला आणि रिकामा ट्रक माघारी नेला.

शेषेराव ओरडले नाहीत. "तोड न्हाई, तर पाणी बी न्हाई. फुटका माल काय न्यायचा तो न्या," म्हणाले आणि बाया बाहेर पडताच त्यांनी कुलूप घातलं.

बायांनी पाण्यासाठी आणलेल्या घागरी द्राक्षांनी भरल्या होत्या. वाटेनं बाया चांगुणाला मागं टाकून झपाझप पुढं चालत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर तिनं मणी कुस्करून वाटीभर रस काढला आणि सासूच्या ओठांना लावला. सरजाबाईनं एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं.

"गोड नगं गं चांगुणा," ती म्हणाली. "पाणी दे."